पलीकडच्या तीराचा कौल

नद्यांना अजून पूल ठाऊक नव्हते, त्या काळची ही गोष्ट. एका नदीच्या दोन तीरांवर दोन लहान राज्ये नांदत होती. राजा दोन्हीकडे नव्हता. उमेदवारांपुढे मडकी मांडली जात आणि प्रजा त्यांत चिंचोके टाकी. ज्याचे मडके अधिक भरे, तो वर्षभराचा अधिपती.

नदीवर बंधारा एकच होता. दोन्ही बाजूंचे पाट आणि त्यांची दारे मात्र ज्याची त्याने सांभाळायची. त्या दारांना अधिपतीवाचून कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता.

पूर्वतीराचा अधिपती मोठा दक्ष. पहाटे दारे पाहिल्याशिवाय तो तोंडात घास घालत नसे. तरीही सोयरेधायरे पुष्कळ म्हणून हा निवडून येतो, अशी कुजबुज त्याच्या कानी आली आणि जिव्हारी लागली.

भर सभेत तो म्हणाला, "मुलीसाठी स्थळ पाहताना आपण मुलाची चौकशी त्याच्या घरी करत नाही, शेजारी करतो. मग अधिपतीची पारख घरच्यांनी का करावी? यंदा त्यांचा आपण निवडू, आपला त्यांनी निवडावा."

पश्चिमतीराचा अधिपतीही तितकाच दक्ष होता. आपल्या कामावर भरवसा असल्याने त्यालाही हे पटले.

ठरल्या दिवशी सकाळी पूर्वेची माणसे होड्यांतून पलीकडे जाऊन चिंचोके टाकून आली. त्यांत अधिपतीही होता. दुपारी पश्चिमेची माणसे आली. त्यांना आदराने गूळपाणी देण्यात आले.

संध्याकाळी मडकी उपडी केली, तेव्हा अधिपतीच्या मडक्यातून मूठभरही चिंचोके निघाले नाहीत. काठोकाठ भरले होते ते एका झोपाळू माणसाचे मडके. त्याने स्वतःच्या गोठ्याचे दारही कधी वेळेवर लावले नव्हते. निकाल सांगायला त्याला हलवून उठवावे लागले.

अधिपतीचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. होडीकडे निघालेल्या एका वृद्धेला थांबवून त्याने विचारले, "आजी, माझे काय चुकले?"

ती अजून त्याच्याच घरचा गूळ चघळत होती. "चुकले कुठे, बाबा? तुझ्यासारखा कारभारी मिळायला भाग्य लागते. पण तू जागा असलास, की आमच्या पाटाला थेंबभर पाणी अधिक येत नाही. हा निजला, की तुमची दारे बंदच राहतील आणि ते पाणी आमच्याकडे येईल."

संतापून तो तिच्याच होडीतून पलीकडे गेला. तिथे पश्चिमेचा अधिपती उपड्या मडक्यापाशी जमिनीवर बसला होता. त्याच्या आसनावर सोंगट्यांच्या नादात घरदार विसरणारा एक इसम विराजमान झाला होता.

पश्चिमेच्या अधिपतीने मान वर करून एवढेच विचारले, "आज सकाळी तुमचा चिंचोका कुणाच्या मडक्यात पडला?"

पूर्वेच्या अधिपतीने तो या सोंगटीबाजाच्याच मडक्यात टाकला होता आणि परतताना होडीत तो मनाशी हसलाही होता. पलीकडची माणसेही असाच विचार करतील, हे काही त्याच्या ध्यानी आले नव्हते.

पावसाळ्यात पूर आला. एका तीराचा अधिपती घोरत होता, दुसऱ्याचा सोंगट्या मांडून बसला होता. दारे कोणी उचललीच नाहीत. बंधारा फुटला आणि दोन्ही तीरांवरची उभी पिके एकाच लोंढ्यात वाहून गेली.

बोध: ज्यांना कारभाराची फळे भोगायची, त्यांनीच कारभारी निवडावा; शेजारी दुबळा धनी बसवणाऱ्याचे स्वतःचे शेतही सुरक्षित राहत नाही.