निजलेली गादी

एका गावाला वळसा घालून एक ओढा वाहत होता, आणि त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला एक बाई राहत होती. तिला एक मुलगा होता, गोठ्यात एक गाभण गाय होती आणि दाराशी विहीर होती. विहिरीला पाणी ओढ्याचंच झिरपून येई.

त्या गावात एक रीत होती. घरात सून आली की दुसऱ्या दिवशी सासूने जुनी गादी उचलायची आणि ओढ्याच्या वळणावर नेऊन टाकायची. का, म्हणून विचारलं तर लहानथोर एकच सांगत, "निजली गादी घरात ठेवू नये." वापरून वापरून कापसाचे गोळे झाले, गादी फळीसारखी कडक झाली, की तिला तिकडे निजली गादी म्हणत. हे वाक्य मुळात कुणाचं, ते कुणाच्याच ध्यानात उरलं नव्हतं. पण वाडवडिलांच्या तोंडून आलेलं, म्हणून कुणी शंका काढत नसे.

नव्या गादीला नवा कापूस लागे. त्यासाठी दरवर्षी ज्वारीच्या रानातला आणखी एक तुकडा कापसाखाली जाई. आणि वळणावर भिजून फुगलेल्या गाद्या एकीवर एक साचत. त्यांच्यामागे अडलेलं पाणी हिरवं पडलं होतं, त्यावर डास घोंगावत होते. खाली मात्र ओढ्याची नुसती ओल उरली होती. बाईच्या विहिरीत पोहरा सोडला की गाळाला टेकायचा.

गावचा म्हातारा कारभारी म्हणाला, "ओढा रुसलाय. कुणीतरी रीत चुकवली असणार."

विहीर आटली तर गाय भावाच्या गावी धाडावी लागेल, हे बाईला दिसत होतं. त्या गाईला तिने वासरापासून वाढवलं होतं. म्हणून मुलाचं लग्न झालं तेव्हा तिने ठरवलं, आपल्या हातून रीत चुकायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गादीची वळकटी केली. याच गादीवर तिचा मुलगा जन्मला होता, नवऱ्याच्या आजारपणात तिने याच गादीच्या कडेला बसून दिवस काढले होते. वळकटी बांधताना तिचे हात रेंगाळले. शेजारीण कुंपणावरून बघत होती.

"अगं, लेकीला सासरी धाडल्यासारखं काय करतेस? गादी आहे ती."

"लेक परत तरी येते," बाई म्हणाली.

नवी सून लांबच्या गावची. तिने वळकटीचं दुसरं टोक धरलं आणि दोघी निघाल्या. वळणावर आल्यावर सून थबकली. तिने ढिगाकडे पाहिलं, मागच्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं, मग खालच्या कोरड्या पात्राकडे पाहिलं.

"आत्याबाई, एवढ्या सगळ्या गाद्या टाकल्या का?"

"निजली गादी घरात ठेवू नये, बाळ."

"बरोबर. आणि पुढचं?"

"पुढचं कसलं?"

सुनेला हसू आलं. "अहो, ही तर पिंजाऱ्याची हाक. आमच्याकडे तो गल्लीतून ओरडत जातो, 'निजली गादी घरात ठेवू नका, अंगणात आणा, उठवून देतो.' तुमच्याकडे अर्धीच कशी आली?"

बाई गादीवरच बसली. समोरचा ढीग ती आजवर रोज बघत आली होती. पाणी कुठे अडलंय हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

पण रीत मोडायची म्हणजे उद्या विहीर आटली तर सगळं खापर आपल्याच डोक्यावर फुटणार. गाय जाईल ती जाईल, वर गावाचे बोल. तिने पुन्हा एकदा खालच्या कोरड्या पात्राकडे पाहिलं. मग उठली आणि म्हणाली, "धर टोक. घरी चल."

गादी परत येताना अख्ख्या गावाने पाहिली. शेजारणीने बोलणं टाकलं. पाणवठ्यावर बायका सरकून उभ्या राहू लागल्या. "आता ओढा पुरता आटला तर ते हिच्यामुळे," असं तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणू लागल्या. बाई खाली मान घालून घागर भरी. मुलाला मात्र तिने सुनेच्या माहेरी पिटाळलं होतं.

काही दिवसांनी मुलगा पिंजाऱ्याला घेऊन आला. नेमका त्याच वेळी कारभारी काठी टेकत बाईला जाब विचारायला अंगणात शिरत होता. पिंजाऱ्याने खांद्यावरची धनुकली सावरली आणि सवयीने गल्लीच्या तोंडाशीच हाक दिली, "निजली गादी घरात ठेवू नका..."

कारभाऱ्याचे पाय थांबले. लहानपणी तो असल्याच एका पिंजाऱ्याच्या मागे गावभर हिंडला होता. पुढे पुरात ओढा ओलांडायचा सांडवा वाहून गेला आणि तो माणूस यायचा बंद झाला. हाक पोरांच्या तोंडी राहिली, तीही निम्मीच. पिंजारी पुढे काही बोलायच्या आत म्हाताऱ्याच्या ओठांतून आलं, "...अंगणात आणा, उठवून देतो."

मग तो कट्ट्यावर बसला. धनुकलीची तार वाजू लागली. गोळे सुटले, धूळ उडाली, कापूस हातभर फुलला. त्यात पसाभर नवा कापूस पडला आणि तीच गादी तयार झाली. ते बघून कारभारी उठला, पंचा कमरेला बांधला आणि म्हणाला, "चला रे वळणावर. माझ्या घरच्या गाद्याही तिथंच आहेत."

गावाने गाद्या ओढून काढल्या. बऱ्यापैकी राहिलेल्यांचा कापूस धुऊन, वाळवून पिंजायला ठेवला. पार कुजलेला कापूस आंब्याच्या रोपांच्या बुडाशी घातला, तिथे तो ओल धरून राहिला. धड खोळींची पोती झाली. पुढच्या पेरणीला कापसाचं रान पुन्हा ज्वारीखाली आलं.

ओढा मोकळा झाला. गाय व्याली तेव्हा बाईच्या विहिरीत पोहरा गाळाला न टेकता भरून वर येत होता.

एके दुपारी शेजारीण आली, जरा अवघडूनच गादीवर टेकली आणि हाताने दाबून बघत म्हणाली, "नवी केलीस होय?"

"नाही," बाई म्हणाली. "उठलेली आहे."

तात्पर्य एवढंच: जुनी झालेली वस्तू बहुतेक वेळा निजलेली असते, तिला टाकणाऱ्याचं पाणी अडतं, उठवणाऱ्याचं पाणी वाहतं राहतं.