गिरणीवाल्याच्या गाडीचं पहिलं तेल

एका घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक गिरणीवाला होता. बारा महिने पिठाने इतका पांढरा, की रंगपंचमीला पोरं त्याला आधी झाडायची आणि मग रंगवायची. माणूस भला, हाताचा चोख. खोड एकच. मनात आलं की त्याला ते उभ्या उभ्या हवं असायचं.

गिरणीच्या उंबऱ्याच्या आत मात्र ही खोड येत नसे. दर काही महिन्यांनी गिरणीच्या दगडांना टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने ठोकून ते पुन्हा खरबरीत करावे लागतात. टाकी ताजी असली की पहिल्या पिठात दगडाची कचकच उतरते. म्हणून गिरणीवाला आधी टोपलीभर कोंडा दळायचा आणि ते दळण उकिरड्यावर नेऊन टाकायचा. एकदा टाकीच्या दिवशीच एक बाई गव्हाचा डबा घेऊन आली.

"पाहुणे येऊन बसलेत हो घरी. एवढे तरी दळून द्या."

"नाही वहिनी. दगडांची अजून एकमेकांशी ओळख व्हायची आहे. पहिलं दळण मी कुणाच्या पोटात जाऊ देत नाही."

बाई फणकारली, पुटपुटली, गेली. दुसऱ्या दिवशी येऊन मऊसूत पीठ घेऊन गेली आणि ते चांगलं झालं म्हणून गावभर सांगत सुटली.

या गिरणीवाल्याची थोरली बहीण घाटाच्या वर, पलीकडच्या गावात दिलेली होती. तिला तो आक्का म्हणायचा. आई लहानपणीच गेली, तेव्हा आक्कानेच त्याला वाढवलं. बापाबरोबर गिरणीत लुडबुड करून तो पांढराफटक घरी यायचा, तेव्हा आक्का त्याला धरून पदराने खसाखसा तोंड पुसायची आणि म्हणायची, "थांब रे पिठ्या, या पिठातून आमचा पोरगा निघतो का बघू दे." मग चेहरा दिसला की हनुवटी धरून म्हणायची, "निघाला!"

घाटाची वाट अरुंद. चारचाकी तिथे जात नसे, एसटी पायथ्याशीच वळायची. गिरणीवाला तरुणपणी पायी चढून जायचा, पण पोती उचलून उचलून गुडघे गेले आणि आठ वर्षं झाली, आक्काची भेट नाही. आक्काला गुरंवासरं सोडून खाली उतरता येत नसे. दोघांच्यात दुवा एकच, घाटातून तट्टू हाकत येणारा कासार. तो वर बांगड्या न्यायचा आणि खाली निरोप आणायचा.

दसऱ्याला कासार गिरणीत आला तो चेहरा पाडूनच.

"आक्कांची नजर चालली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, उपाय नाही, संक्रांतीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल. आक्का म्हणाल्या, पिठ्याला सांगा, तुझं तोंड एकदा बघायचंय. मग काय अंधारच आहे, त्याची मला सवय होईल."

गिरणीवाल्याने पट्टा उतरवला आणि गिरणी बंद केली. दुपारभर तो पोत्यांवर बसून राहिला. त्याला आक्काला आत्ताच्या आत्ता भेटायचं होतं.

गिरणीच्या मागे बापाची जुनी मोटारसायकल ताडपत्रीखाली पडून होती. ती ढकलत त्याने फाट्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री तऱ्हेवाईक. दुनियेच्या गाड्या बऱ्या करायचा, स्वतः मात्र गाडीवर कधी बसला नाही; कुठे जायचं तर पायीच. त्याने इंजिन खोललं, सिलिंडर आतून घासून घेतला, नवा पिस्टन बसवला, नव्या रिंगा घातल्या. दिवाळीच्या तोंडावर गाडी तयार झाली. भाऊबीज सात दिवसांवर होती.

मिस्त्रीने साध्या तेलाचा डबा इंजिनात ओतला आणि हात पुसत म्हणाला, "आता नीट ऐका शेठ. इंजिन नवं आहे. रिंगा आणि सिलिंडर एकमेकांवर थोडं घासून बसले पाहिजेत. म्हणून तेल साधंच ठेवायचं, फार निसरडं नको. चाळीसच्या वर पळवायची नाही, घाट चढवायचा नाही. रोज पंचवीस किलोमीटर सपाटीवर फिरवा. पाचशे झाले की हे तेल काढून टाका, नवं भरा, मग खुशाल जा वर."

"म्हणजे किती दिवस?"

"वीस. त्रिपुरी पौर्णिमेला बहिणीच्या दारात असाल."

"आणि भाऊबीज?"

मिस्त्रीने तेलाचा रिकामा डबा बाजूला ठेवला. भाऊबिजेवर त्याच्याकडे औषध नव्हतं.

गिरणीवाला हळू हळू गाडी चालवत निघाला. मनात मात्र हिशेब उलटा चालला होता. आठ वर्षांनी भेटायचं, तर भाऊबिजेलाच का नाही? आक्का तबक घेऊन उभी राहील, ज्योतीच्या उजेडात आपलं तोंड बघेल. तेरा दिवसांनी गेलं तर तबक नाही, ओवाळणी नाही, नुसतं चहापाणी.

बाजारात तेलाच्या दुकानापाशी तो थांबला आणि बहिणीची, घाटाची सगळी हकीकत सांगून बसला. दुकानदाराने सोनेरी डबा पुढे सरकवला.

"हे घ्या, शर्यतीच्या गाड्यांचं तेल. लोण्यासारखं. घासणं नाही, झिजणं नाही. हे घातलं की गाडी रुळवत बसायलाच नको. आजच काय, आत्ता घाट चढा."

"मिस्त्री तर साधं घाला म्हणतो."

"मिस्त्रीचं काय जातंय? बहिणीकडे जायचंय तुम्हाला. तिच्यासाठी निघालेल्या गाडीत साधं तेल घालणार?"

हे मात्र गिरणीवाल्याच्या वर्मी बसलं. आक्काकडे जाताना आपण धोतर नवं नेसणार, करंज्या साजूक तुपातल्या नेणार, आणि गाडीलाच तेवढं साधं तेल? ज्याच्यावर जीव, त्याला उंची ते द्यावं, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने साधं तेल काढून टाकलं आणि सोनेरी डबा रिकामा केला. इंजिनाचा आवाज खरंच गुळगुळीत झाला. त्याला वाटलं, म्हातारा मिस्त्री उगाच भीती घालतो.

भाऊबिजेच्या सकाळी तो निघाला. डिकीत करंज्या होत्या, साडी होती, आणि आक्काला लहानपणी आवडायची ती चिंचेची गोळी होती. घाट लागला तसा त्याने गाडीचा कान पिळला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. पाचव्या वळणावर मागून निळा धूर यायला लागला. सातव्यावर इंजिन इतकं तापलं की पोटऱ्या भाजायला लागल्या. गाडी ओढेना. वर खिंडीतलं उंबराचं झाड दिसत होतं, त्याच्या पलीकडे आक्काचं गाव. "चल माझे बाई, एवढं झाड गाठ," म्हणत त्याने आणखी पिळलं. आतून कर्रर्र असा आवाज आला आणि चाक जागच्या जागी अडकलं.

पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता.

गिरणीवाला झाडाकडे बघत उभा राहिला. दुखऱ्या गुडघ्यांनी चार पावलं चढून पाहिली, पाचव्याला तो खाली बसला. मग लहान मुलासारखा रडला. वर आक्का तबक तयार करून बसली असेल, हे त्याला बसल्या जागी दिसत होतं. संध्याकाळी उतरणाऱ्या कासाराने त्याला तट्टावर बसवून खाली आणलं; चढाला मात्र त्या तट्टाला माणूस पेलत नसे.

मिस्त्री रागावेल असं त्याला वाटलं होतं. मिस्त्रीने नुसती एक थाळी आणली. इंजिनातलं उरलंसुरलं तेल थाळीत काढलं आणि थाळी उन्हात धरली. तेलात बारीक चमचम होती. त्याने गिरणीवाल्याचं बोट धरून तेलात बुडवलं आणि अंगठ्यावर घासायला लावलं.

कचकच लागली. गिरणीवाल्याने ती ताबडतोब ओळखली. सारा जन्म तो हीच कचकच बोटांनी तपासत आला होता.

"हे तर पहिलं दळण आहे," तो म्हणाला.

"मग? तुम्ही कुणाच्या पोटात जाऊ देता का ते?"

"नाही."

"तेवढंच मी सांगत होतो. साध्या तेलात दोघं घासून घासून बसतात, त्यांची कचकच तेल पोटात घेतं, आणि मग ते तेल टाकून द्यायचं. तुम्ही निसरडं तेल घालून त्यांना बसूच दिलं नाहीत, आणि वर घाट घातलात छातीवर."

गिरणीवाल्याने मान खाली घातली. डबा घेऊन आलेली ती बाई त्याला आठवली. तिचे पाहुणे ओटीवर बसले होते, तरी आपण तिला परत पाठवलं होतं. स्वतःच्या ओढीला मात्र परत पाठवता आलं नाही.

नवा सिलिंडर जिल्ह्याच्या गावाहून यायचा होता. आज येतो, उद्या येतो करत दीड महिना गेला. तेवढ्यात कासार तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला, "आक्कांनी हिरव्या बांगड्या स्वतः निवडून घेतल्या. विचारत होत्या, पिठ्या निघाला का?" दुसऱ्यांदा म्हणाला, "आक्का बांगडी उन्हाकडे धरून विचारत होत्या, ही हिरवी की निळी? आणि तुमचंही विचारलं." तिसऱ्यांदा त्याने तट्टू बांधलं आणि बराच वेळ बांगड्यांच्या पेटीची दोरी सोडत-बांधत बसला. "आक्का म्हणाल्या, कुठल्याही भरा. हाताला बसल्या म्हणजे झालं."

गाडी तयार झाली. मिस्त्रीने पुन्हा साधं तेल ओतलं. गिरणीवाला रोज गिरणी बंद करून पंचवीस किलोमीटर फिरू लागला. वेग कधी तीस, कधी चाळीस, त्याच्या वर नाही. फेरीच्या शेवटी घाटाच्या पायथ्याशी यायचा, खिंडीतलं झाड बघायचा आणि गाडी वळवायचा. ते वळणं त्याला रोज नवं जड जायचं. हात आपोआप पिळायला जायचा आणि तो हाताला दटावायचा, "दगडांची ओळख होऊ दे." मधे संक्रांत आली. सगळ्यांनी त्याला तीळगूळ दिला. त्याला तो गोड लागला नाही.

पाचशे पुरे झाले. पहिलं तेल त्याने स्वतः काढलं, बोटांनी तपासलं आणि डब्यात भरून मिस्त्रीच्या हवाली केलं. नवं तेल भरलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाला.

गाडी घाट चढली. धूर नाही, खळखळ नाही, एका लयीत चढली. उंबराचं झाड मागे पडलं आणि आक्काचं घर दिसलं. आक्का अंगणात बाजेवर बसली होती. हातात तीन रंगांच्या बांगड्या होत्या, एकीचा एकीला मेळ नव्हता. गाडी थांबली तरी ती समोर कुठेतरी लांबच बघत राहिली.

"कोण आलंय? आत या, बसा."

"आक्का, मी."

आक्का उठली. हात पुढे करून चाचपडत आली. "पिठ्या? अरे, आवाज तर मघापासून ऐकतेय. इतक्या सबुरीने येणारी गाडी, म्हटलं हा आमचा पिठ्या नव्हेच!"

ती हसली. त्याला हसता येईना.

"आक्का, मला उशीर झाला. पौर्णिमेलाच आलो असतो. भाऊबीज गाठायला गेलो आणि सगळंच घालवलं."

आक्काने पदर हातात घेतला आणि त्याचं तोंड पुसायला लागली. कपाळ, भुवया, गाल. तोंडावर पीठ नव्हतं, पण पदर ओला होत होता. तिने हनुवटी धरली.

"निघाला," ती म्हणाली. मग त्याला बाजेकडे ओढत म्हणाली, "आता सांग बरं, कसा दिसतोस?"

आणि गिरणीवाला बाजेवर तिच्या शेजारी बसून सांगायला लागला. केस पिकलेत आक्का, पिठाने नव्हे, खरेच. समोरचा एक दात गेलाय. नाक बापासारखं होत चाललंय. आक्का मान हलवत ऐकत होती. अंगणात गाडीचं इंजिन हळूहळू निवत होतं.

तात्पर्य: नव्या गोष्टीला रुळायला लागतो तेवढा वेळ द्यावाच लागतो. ओढीपायी तो वाचवायला गेलं, तर त्याची भरपाई आपली वाट बघणाऱ्या माणसाला करावी लागते.