कावड नाकारणारा शिष्य

फार फार वर्षांपूर्वी, विद्या पायी चालत जाऊन आणावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका डोंगराच्या पायथ्याशी वैद्यांचे मोठे गुरुकुल होते. गावची पाठशाळा संपवलेले हुशार तरुण पुढच्या विद्येसाठी तिथे येत. असाच एक तरुण आला. त्याच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. निघताना तो तिला म्हणाला होता, "आई, शिकून येतो. माझ्याच हाताने तुझी दृष्टी परत आणीन."

गुरुकुलाची एक रीत होती. नव्या शिष्याने आधी पाण्याची कावड वाहायची, रोज वेगळ्या गुरूच्या घरी. मग आपला विषय आणि आपला गुरू सांगायचा. एकदा धरलेला गुरू बदलता येत नसे.

दारावरच्या वृद्ध आचार्यांनी कावड पुढे केली. तरुण म्हणाला, "मी पाठशाळेत पहिला होतो. पाणी भरायला नाही आलो."

त्याच्या मागे उभा असलेला दुसरा नवखा हसला. "काय हो पंडित, खांद्याला टोचेल म्हणून भिता, की कुणी पाहील म्हणून?"

आचार्य म्हणाले, "बाळ, पाणी हे निमित्त. मागच्या दाराने घर खरं दिसतं. गुरू घरी असतो का, शिष्य काय करतात, शिकून कधी बाहेर पडतात, ते पाहून ये. मग गुरू निवड."

"पाहायचं काय त्यात? मी महावैद्यांकडेच राहणार. राजाच्या तोंडी त्यांचं नाव आहे."

"आणि विषय कोणता?"

"सगळे."

"तुला हवाय कोणता?"

"डोळ्यांचा. पण बाकीचे सोडले तर लोक म्हणतील, याला झेपले नाहीत."

आचार्यांनी कावड मागच्या नवख्याच्या खांद्यावर दिली आणि तरुणाला महावैद्यांच्या घराची वाट दाखवली. ज्याला ऐकायचेच नाही, त्याच्याशी किती बोलणार?

महावैद्य बहुतेक राजवाड्यातच असत. शिष्य त्यांच्या ग्रंथाच्या नकला करीत. एके दिवशी तरुणाने शेजारी बसलेल्या पांढऱ्या केसांच्या शिष्याला विचारले, "दादा, मोतीबिंदू काढायची सुई हातात कधी देतात?"

"ग्रंथ पुरा झाला की."

"तो कधी होणार?"

"मी आलो तेव्हा मीही हेच विचारलं होतं."

कुंपणापलीकडे एक तिरसट वैद्यीण राहत असे. तिचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. कावड वाहून तो दुसरा नवखा तिच्याकडेच गेला होता. मेलेल्या बकरीच्या डोळ्यावर ती त्याचा हात बसवी आणि ओरडे, "थरथरला! पुन्हा कर!" तरुण आधी हसत असे. पुढे त्याचे हसणे थांबले. लेखणी हातात धरून तो नुसता ऐकत राही.

गुरुकुल सोडून जायला कुणाची बंदी नव्हती. पण रिकाम्या हाताने गावाला तोंड कसे दाखवायचे? या एका लाजेपायी त्याची वर्षे गेली.

शेवटी सगळे विषय पाठ करून तो घरी परतला. आई ओट्यावर बसली होती. पावलांवरूनच तिने त्याला ओळखले.

"आलास? ये, बघ माझे डोळे."

त्याने तिची पापणी वर केली. या अवस्थेचा श्लोक त्याला तोंडपाठ होता. नकळत तो मोठ्याने म्हणून गेला. शेवटचा चरण मात्र त्याच्या ओठांवर आला नाही. तो चरण सांगत होता, मोतीबिंदू इतका पिकला की उपाय उरत नाही.

आईचा चेहरा फुलला. "किती छान म्हणतोस रे! आता काढ तुझी सुई."

त्याच्याजवळ सुई नव्हती. असती, तरी हाताला ती ठाऊक नव्हती.

त्यानंतर आई होती तोवर तो तिला हात धरून ओट्यावर आणून बसवी. गावात त्याला कुणी काही बोलले नाही. आईही बोलली नाही. तेच त्याला जन्मभर सलत राहिले.

तात्पर्य : गुरू करताना त्याचे नाव किती मोठे ते पाहू नये, त्याच्या शिष्यांच्या हाताला काय येते ते पाहावे.