बुजलेली तोटी

“चाचा, हा व्हॉल्व्ह कोणी उघडला?”

“मी.”

“कधी?”

“चार दिवस झाले.”

“मला न विचारता?”

यासीनचाचांनी मान वर करून टॉवरकडे पाहिलं...

मिथिला अधिकारीला या रसायन कारखान्यात इंजिनिअर म्हणून येऊन तीनच महिने झाले होते. चाचा इथल्या कूलिंग टॉवरवर एकतीस वर्षं ऑपरेटर. टॉवरमधलं पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून त्यातलं थोडं पाणी रोज सोडून द्यावं लागतं. ऐन उन्हाळ्यात मिथिलाने हा व्हॉल्व्ह लावून ते सोडणंच बंद करून टाकलं. पाणी वाचलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

“क्षार वाढतील, मॅडम,” चाचा तेव्हा एकदाच म्हणाले होते.

“क्षार जमू न देणाऱ्या औषधाचा डोस वाढवलाय मी. तुम्ही फक्त नोंदी ठेवा.”

त्याला आता महिना होत आला होता.

“जरा वर येता?” चाचा म्हणाले, आणि शिडी चढू लागले.

वरच्या हौदाच्या तळाला तोट्यांच्या रांगा होत्या. त्यांतूनच गरम पाणी खाली शिंपडलं जातं. चाचांनी एका बाजूचं पाणी बंद ठेवलं होतं. तिथली एक तोटी काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

मिथिलाने ती उन्हासमोर धरली. आत पांढरा खडा जमला होता. उजेड जेमतेम सुईएवढा...

मग तिला पलीकडे पसरलेलं गोणपाट दिसलं. त्यावर धुतलेल्या तोट्या वाळत होत्या. शेजारी टोकाला झिजलेली एक लाकडी काडी. तिने चाचांच्या बोटांकडे पाहिलं. भेगाच भेगा.

“तुम्ही एकट्याने?”

“ड्यूटी संपली की बसतो तासभर.”

तिने कठड्यावरून खाली पाहिलं. सगळ्या तोट्या बुजल्या असत्या, तर थंड पाणी न मिळून रिअ‍ॅक्टर तापला असता. खाली साठ माणसं होती.

“साहेबांना का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर टॉवर वाचला असता.”

“मग?”

“इंजिनिअर गेली असती.”

मिथिलाचे डोळे भरून आले. ती पायांना हात लावायला वाकली. चाचा झटकन मागे सरकले.

“तुमचे हे उपकार मी कसे फेडू, चाचा?”

चाचा हसले.

“माझ्या उस्तादांचे माझ्याकडून कुठे फिटलेत अजून...”

त्यांनी लाकडी काडी तिच्या हातात दिली.

“ती पलीकडची रांग तुझी, बेटी.”