पाच ठोक्यांची वर्दी

फार वर्षांपूर्वी एका बाभळीच्या मुळाशी मुंग्यांचं कोठार होतं. धोंडाजी नावाचा म्हातारा मुंगळा त्याचा कारभारी. प्रत्येक खोलीच्या दारावर तिची अवस्था सांगणाऱ्या खुणा असत: रिकामी, भरलेली, ओली, बंद. पहारेकरी तानी खुणा तपासायची आणि ठोके देऊन वर्दी पाठवायची; पाच ठोके म्हणजे काहीतरी बिघडलं. बोलत बसायला तिला कंटाळा.

एका सकाळी तिने सातव्या खोलीच्या दारावर पाच ठोके दिले.

"पाच! म्हणजे सातव्या खोलीतली ज्वारी सडली!" मुंग्या ओरडल्या आणि दाणे फेकायला धावल्या. पावसाळाभर पुरायची ज्वारी होती ती.

धोंडाजी दारात आडवा झाला. "थांबा गं! तानी, पाच म्हणजे काय?"

"पाच म्हणजे पाच, आजोबा. खुणा बिघडल्यात."

"कुठल्या? नाव घेऊन सांग. ठोके काय मी खाऊ?"

तानी ओशाळली. "दारावर 'बंद' आहे आणि 'रिकामी'सुद्धा आहे."

"रिकामी खोली कोण शहाणा लिंपून बंद करतो?"

त्याने लिंपण फोडलं. ज्वारी कोरडी, टपोरी. खोटी होती ती फक्त 'रिकामी'ची खूण. मुंग्या एकमेकींकडे पाहून हसू लागल्या.

"आता नीट वर्दी दे," धोंडाजी म्हणाला.

तानीने भुयारात तोंड घालून हाक दिली, "सातवी खोली! ज्वारी चांगली आहे! 'रिकामी' ही खूण तेवढी चुकलीय!"

"केवढी लांबलचक वर्दी!" कुणीतरी आतून कुरकुरलं.

"लांब असू दे," धोंडाजी म्हणाला. "पोट भरलेलं राहील."