टिमकीचा चाकू पेटीत पडला

होती एक बेडकी. अंगठ्याएवढी. नाव टिमकी. ती मामाच्या तळ्यात पाहुणी आली होती. आई राहिली दूर, आपल्या तळ्यात.

एक दिवस टिटवी आली ओरडत. टिव टिव टिव!

"टिमके, टिमके, तुझी आई जाळ्यात अडकली! पाण्याखाली अडकली! तिला वर येता येईना!"

टिमकी धावली मामाकडे.

जाळं नायलॉनचं. बेडकीच्या दातांनी ते काय तुटणार? मामाने चाकू दिला. काडीएवढा, लाल मुठीचा. टिमकीने तो पिशवीत टाकला आणि निघाली विमानतळावर. टपाक टपाक, टपाक टपाक!

पिशवी गेली यंत्रात. टूँ टूँ टूँ! लाल दिवा लागला. पोलीसमावशी आली.

"हे काय गं? चाकू? चाकू घेऊन विमानात बसायचं नाही!"

खण्ण! चाकू पडला पेटीत. पेटीत केवढे चाकू! केवढ्या कात्र्या! सगळे गप्प पडलेले.

टिमकी रडली. "मावशी मावशी, चाकू दे. आई सुटेना."

मावशी म्हणाली, "हातात नाही देणार. विमानाच्या पोटात चालतो. विमान गिळणार असेल, तरच देईन."

मावशीचंही खोटं नव्हतं. पण टिमकी घाबरली. पोटात गेला की पचूनच जायचा की! मग आईला सोडवायचं कशाने? तरी गेली बिचारी विमानाकडे. टपाक टपाक, टपाक टपाक!

"विमाना विमाना, चाकू गीळ. पचवू नकोस हं! मावशी देईना, चाकू मिळेना, आई सुटेना."

विमान म्हणालं, "वेडी कुठली! माझ्या पोटात काही पचत नाही. उतरलं की सगळं परत. पण सामानाच्या पट्ट्याने भरवलं, तरच गिळेन."

टिमकी गेली सरकत्या पट्ट्याकडे. टपाक टपाक, टपाक टपाक!

"पट्ट्या पट्ट्या, विमानाला भरव. विमान गिळेना, मावशी देईना, चाकू मिळेना, आई सुटेना."

पट्टा म्हणाला, "नुसताच चाकू? कुणाचा म्हणू मी तो? चिठ्ठी बांधली, तरच भरवीन."

टिमकी गेली सामानाला चिठ्ठ्या बांधणाऱ्या, खिडकीतल्या ताईकडे. टपाक टपाक, टपाक टपाक!

"ताई ताई, चिठ्ठी बांध. पट्टा भरवेना, विमान गिळेना, मावशी देईना, चाकू मिळेना, आई सुटेना."

ताई म्हणाली, "उघडा चाकू? नको गं बाई! सामान उचलणाऱ्या दादाचा हात कापेल. चिंधीत गुंडाळला, तरच बांधीन."

टिमकी गेली बाकावरच्या आजीकडे. टपाक टपाक, टपाक टपाक!

"आजी आजी, चिंधी दे. ताई बांधेना, पट्टा भरवेना, विमान गिळेना, मावशी देईना, चाकू मिळेना, आई सुटेना."

आजीच्या मांडीवर बाळ. ट्यॅहँ! ट्यॅहँ!

आजी म्हणाली, "जुन्या लुगड्याची चिंधी आहे माझ्याकडे. पण हात कुठे मोकळा आहे? बाळ हसलं, तरच देईन."

"बाळा बाळा, हस ना रे. आजी देईना, ताई बांधेना, पट्टा भरवेना, विमान गिळेना, मावशी देईना, चाकू मिळेना, आई सुटेना."

बाळाने बोट दाखवलं. कुठे? टिमकीच्या गळ्याकडे. म्हणजे गाणं हवं!

आता गाणं कुणाला सुचतंय? आई तिकडे गुदमरतेय, आणि इकडे गायचं!  टिमकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तरी तिने गाल फुगवले.

डराँव! डराँव! डरडर डराँव!

बाळ थांबलं. बाळ हसलं. खुद्कन!

बाळ हसलं, आजीने चिंधी दिली. चिंधी बघून ताईने चिठ्ठी दिली. चिठ्ठी बघून पट्टा म्हणाला, "भरवतो." पट्टा फिरला, विमानाने आ केला. विमानाने आ केला, मावशीने पेटी उघडली.

मिळाला चाकू! चिंधीत गुंडाळला. चिठ्ठी बांधली. सरसर सरसर पट्ट्यावरून गेला. गुडुप! विमानाच्या पोटात.

टिमकी बसली वर. घूंऽऽऽ!

विमान उतरलं. चाकू परत मिळाला. अख्खा! टिमकी सुटली तळ्याकडे. टपाक टपाक, टपाक टपाक!

तळं गप्प होतं. टिमकीने बुडी मारली. जाळ्यात मासे होते. हलत नव्हते. जाळ्यात खेकडा होता. तोही हलत नव्हता. जाळ्यात आई होती.

आईने एक डोळा उघडला.

कच्! एक दोरा तुटला. कच्! दुसरा तुटला. कच् कच् कच्! जाळं फाटलं. आई सुटली!

पण आईला पोहता येईना. पाय सुजला होता.

आई म्हणाली, "टिमके, तू जा वर."

"नाही जायची," टिमकी म्हणाली.

तिने आईला पाठीवर घेतलं. आई केवढी जड! टिमकी पाय मारत राहिली. थकली. थांबली. पुन्हा पाय मारले. आणि एकदाची पाण्यावर आली.

तिथे आईने मोठ्ठा श्वास घेतला.