अडलेलं वाक्य

हेमांगी बोरवणकर जर्मनची भाषांतरकार. इचलकरंजीचे गिरणीमालक शिरगुप्पे यांना तिने यंत्रांची जाडजूड माहितीपुस्तिका मराठीत करून दिली होती. कामगार तीच वाचून यंत्रं चालवत होते. पण तिने पैसे मागितले की शिरगुप्पे म्हणायचे, "भाषांतरात मजा नाही आली हो." इकडे तिचं घरभाडं थकलं होतं.

एकदा जर्मनीहून यंत्रकंपनीचे साहेब आले. शिरगुप्पेंना नवी यंत्रं उधारीवर द्यायची का, हे त्यांना ठरवायचं होतं. दुभाषी म्हणून हेमांगीलाच बोलावणं गेलं. पाहुण्यांनी विचारलं, "तुम्ही लोकांचे पैसे वेळेवर देता ना?"

शिरगुप्पे ऐटीत हेमांगीला म्हणाले, "सांगा त्यांना, आमच्याकडे कुणाचा एक रुपया अडकत नाही."

हेमांगी काहीच बोलेना. पाहुणे तिच्याकडे बघू लागले.

"अहो, भाषांतर करा ना. थांबलात कशासाठी?"

"वाक्य खरं व्हायची वाट बघतेय, साहेब," ती शांतपणे म्हणाली.

शिरगुप्पेंनी कपाळावरचा घाम पुसला आणि मोबाईल काढला. थोड्याच वेळात हेमांगीच्या फोनवर सगळे पैसे जमा झाल्याचा निरोप आला. तिला हायसं वाटलं. मग तिने ते वाक्य पाहुण्यांना जर्मनमध्ये सांगितलं, एक शब्दही न बदलता.